उन्हात बांधलेली गाय

आमच्या तात्यांना जनावरांतलं सगळं कळायचं. जनावराला काय झालंय, एवढंच कळायचं नाही. बाकी दात बघून वय, शेपटीचा गोंडा बघून जात, शिंगाचं वळण बघून आधीच्या मालकाचा स्वभाव, सगळं घडाघडा सांगायचे, आणि सांगताना एक पाय दगडावर ठेवून मिशीवर हात. लष्करात ते खेचरांच्या पलटणीत होते. तिथून पेन्शन घेऊन औंधच्या पलीकडं आमच्या गावात परत आले ते निम्मे डॉक्टर होऊनच. कुणाची म्हैस फुगली, कुणाच्या बैलाचा खांदा सुजला की "फौजीला बोलवा" व्हायचं. तात्या जायचे, जनावराभोवती एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "घाबरायचं न्हाई. केस माझ्या हातातली हाय." मेलं तर म्हणायचे, "लय उशिरा बोलावलंसा." या दोन वाक्यांवर त्यांचा दबदबा वीस वर्षं टिकला. खरी गोष्ट अशी की पलटणीत ते लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. जवानांची डाळ ज्या तळावर शिजायची त्याच तळावर खेचरं बांधलेली असायची, एवढाच त्यांचा आणि खेचरांचा संबंध. हे आम्हाला कळलं ते तात्या गेल्यावर, आईच्या पेन्शनचे कागद काढताना. आईनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "तरीच! तरीच घरात कवा चुलीम्होरं फिरकलं न्हाईत." तिचं एवढंच म्हणणं. वीस वर्षांत किती जनावरं त्यांच्या हाताखालून गेली, हा हिशेब तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

घर तीन खणांचं. पुढं सोपा, मधे चूल, आणि कडेला एक अंधारी खोली, जिला खिडकी ठेवायची गवंडी विसरला होता. गोठा अंगणाच्या पलीकडं. पहाटे पहिला आवाज तात्यांच्या खाकरण्याचा. ते असं खाकरायचे की शेजारचा कोंबडा गप्प बसायचा. मग आईची रवी, मग भाकरीची थापथाप, मग म्हशीचं हंबरणं आणि त्यावर आईचं उत्तर, "आले गं बये, तुझ्याच बापाचं घर हाय हे!" न्याहारीला हुलग्याचं माडगं आणि रात्रीची भाकरी, दुपारी मटकीचं कोरड्यास आणि खर्डा. आई खर्ड्यात मिरच्या रागाप्रमाणं घालायची. ज्या दिवशी खर्डा खाऊन तात्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं त्या दिवशी काहीतरी बिनसलंय हे आम्ही ओळखायचो. गोठ्यात तीन जनावरं. एक म्हैस, काळी कुळकुळीत. एक मोठी काळीपांढरी संकरित गाय, कुठल्याशा योजनेतून मिळालेली, म्हणून तिचं नावच 'सरकारी'. आणि तिसरी आईची खिलार कालवड, चांदी. ती आईच्या भावानं तिला माहेराहून दिली होती, पांढरीशुभ्र, काजळ घातल्यासारखे डोळे. आई आम्हा कुणाशी बोलायची नाही असं त्या कालवडीशी बोलायची. माझ्या डोक्याला तेल महिन्यातून दोनदा, चांदीच्या शिंगांना दर सोमवारी.

त्या वर्षी घरात काकू आली. रंगाकाका, म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ, सांगलीत ट्रकवर ड्रायव्हर होता. तिशी उलटून गेली तरी लग्न जमेना. आमच्या बाजूच्या मुली 'ड्रायव्हर' म्हटलं की नाकं मुरडायच्या. शेवटी त्याची सोयरीक जतच्याही पलीकडं, कर्नाटकाला खेटून असलेल्या एका वाडीत जुळली. मुलगी मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातली. लग्नात तिचं सिद्दव्वा हे नाव बदलून सुनीता ठेवलं, पण आईनं ते कधी तोंडात घेतलं नाही. 'ती' म्हणायची. "तिला म्हणावं पाणी आण." ती समोर उभी असली तरी. काकूचं मराठी कानडी वळणाचं, भाकरी पापडासारखी कडक, आठ दिवस टिकणारी, आणि शेंगाचटणी अशी की मी नुसती बोटानं चाटून खायची. आई म्हणायची, "ही भाकर हाय का कौल? दात पडंल एखाद्याचा." आणि कुणी बघत नाही असं वाटलं की डब्यातली तीच भाकरी ताकात चुरून खायची.  काकूचा खरा जीव गोठ्यात. शेण काढताना शेण बघायची, जनावराच्या तोंडाचा वास घ्यायची, कान चाचपायची. "काय हुंगतीया बघ कुत्र्यागत," आई म्हणायची. काका पंधरा दिवसांनी एकदा यायचा, दोन दिवस झोपून काढायचा आणि पुन्हा ट्रकवर जायचा.

आता माझं. मी सोळा वर्षांची, दहावीला गणितात गचकलेली, म्हणून जनावरांमागं धाडलेली. आईचा हुकूम साफ होता, जनावरं डोंगराआडच्या माळाला न्यायची. माळ दोन कोस लांब, झाड नाही, झुडूप नाही, उन्हाळ्यात तिथं गवतापेक्षा खडे जास्त. उलट गावाजवळच्या ओढ्याला करंजाची गार सावली. आणि मला सावलीची गरज होती, कारण मी माझं रुखवत विणत होते. नवऱ्याचा पत्ता नाही, कुणी बघायलाही आलेलं नाही, पण क्रोशाचं तोरण निम्मं तयार. त्यावर समोरासमोर दोन पोपट, आणि त्यातल्या एका पोपटाची मान तीनदा उसवूनही बदकासारखीच येत होती. माझी मैत्रीण तिच्या रुखवतासाठी मोर विणत होती, म्हणून मला घाई. तेव्हा मी काय करायची, सकाळी गावातून निघताना माळाची वाट धरायची, वेशीबाहेर गेलं की वळून ओढ्यात उतरायची. ओढ्यात पाणी नव्हतं, गवत नव्हतं. हिरवं म्हणून एकच गोष्ट होती, दोन्ही काठांनी माजलेली घाणेरीची जाळी. रंगीत फुलांची, खरखरीत पानांची, हात लावला तरी वास दिवसभर जात नाही अशी. तिची पिकलेली काळी फळं आम्ही पोरं खायचो. जनावरं एरवी तिला तोंड लावत नाहीत, पण पोटात आग असली की तोंड काय काय खातं. पहिले दोन दिवस त्यांनी नुसतं हुंगलं, तिसऱ्या दिवशी पानं ओरबाडली. मी बघितलं. बघितलं आणि म्हटलं, खातायत ना, मग झालं! आणि मान खाली घालून पोपटाची मान विणायला लागले.

आठवडाभरानं सरकारीनं दूध चोरलं. मग वैरणीवरचं तोंड काढलं, शेण बंद झालं, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, नाकपुड्या सुजून फुटल्या. चांदीचे कान जाड होऊन खाली लोंबले. म्हैस तेवढी नुसती मलूल. तात्यांनी फेरी मारली, एक पाय दगडावर ठेवला आणि निदान केलं. "इन्फेक्शन. तोंडाला आलं म्हंजे लाळ्या. पलटणीत असल्या शंभर केसी बघितल्यात. धूप, म्हंजे ऊन दाखवा, जंतू खलास हुत्यात. डिसिप्लिन पायजे." आणि त्यांनी सरकारीला आणि चांदीला गोठ्यातून काढून अंगणाच्या मधोमध खुंट ठोकून बांधलं, चैत्राच्या उन्हात, सकाळी न्याहारीपासून तिन्हीसांजेपर्यंत. म्हशीला बांधलं नाही, कारण म्हैस उन्हात दंगा करते आणि तात्यांना दंगा सोसायचा नाही. आमच्या अख्ख्या गावात हा इलाज चालायचा. अंथरूण उन्हात टाकतात, वाळवण उन्हात टाकतात, तसं आजारी जनावरही उन्हात. सरकारी सावलीकडं ओढ घ्यायची, दावं ताणून ताणून मान कापून घ्यायची, आणि तात्या सोप्यातून ओरडायचे, "बघा, जंतू कसं तळमळायला लागल्यात!" चौथ्या दिवशी तिच्या अंगावरची कातडी तडकली. पाठीवर, पोटाच्या कडेला, आचळावर सालपटं सुटायला लागली. आणि नवल असं की फक्त पांढऱ्या भागावर. जिथं काळा ठिपका सुरू व्हायचा तिथं कातडी नीट, चकचकीत. कुणी पट्टी धरून आखल्यागत. चांदी तर सगळीच पांढरी. तिच्याकडं बघवत नव्हतं.

काकूनं त्या दिवशी भांडी टाकली आणि अंगणात आली. सरकारीची खालची पापणी ओढून बघितली, मग चांदीची. दोन्ही हळदीसारख्या पिवळ्या. तोंडाचा वास घेतला. मग गोठ्यात जाऊन म्हशीची पापणी बघितली, तीही पिवळी. आणि सरळ माझ्याकडं आली. मी दारात उभी होते. हळूच म्हणाली, "मंगल, वढ्याला न्हेत हुतीस काय?"

मी म्हणाले, "न्हाई. माळाला."

 ती वळून आईला म्हणाली, "आक्का, ह्यास्नी घाणेरी लागलीया. आमची मेंढरं ह्या बाजूला यायची तवा व्हायचं असं. काळ्या मेंढराला काय व्हत न्हाई, पांढऱ्याची कानं नाक उन्हानं भाजत्यात. घाणेरीचं इख हाय, ऊन लागलं की चढतंय. आधी सावलीत घ्या, बगा."

तात्या हसले. "मेंढरं! पलटणीत मेंढरं नसत्यात, बाई." आईनं मला विचारलं, "कुठं न्हेत हुतीस गं?" आणि मी, देवाच्या समोर हात धुऊन उभं राहावं तसं तोंड करून म्हणाले, "माळाला. तिथं कुठली घाणेरी?" झालं. एका वाक्यात काकू खोटी ठरली. आई म्हणाली, "बघा! आली न्हाई तवर पोरीवर आळ घ्याया लागली." मला त्या वेळी काय वाटलं ते लपवत नाही. सुटल्यासारखं वाटलं. अगदी हलकं वाटलं. वाईट वाटायला दोन दिवस लागले.

आता हसू येतं, म्हणजे रडू येत नाही म्हणून हसू येतं. मी पलूसला लेकाकडं राहते. अंगणवाडीतून निवृत्त झाले तरी लेकाच्या मोबाईलवरच्या पशुपालकांच्या ग्रुपात माझं लक्ष असतं. परवा एकानं गाईचा फोटो टाकला. काळीपांढरी गाय, पांढऱ्यावर सालपटं, काळं शाबूत. खाली इलाजांचा पाऊस. कुणी म्हणतं गोचीड, कुणी म्हणतं ॲलर्जी, कुणी इंजेक्शनचं नाव टाकतं, एकजण म्हणतो कुणीतरी कढत पाणी ओतलंय, शेजाऱ्यावर केस करा. मी नातवाकडून लिहवून घेतलं, 'डोळे पिवळे आहेत का बघा, घाणेरी खाल्ली असेल, आधी सावलीत घ्या, डॉक्टरला बोलवा.' त्याच्याखाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि त्याखाली दुसऱ्यानं शुभ सकाळ घातलं. तात्या गेले, पण तात्यांची पलटण अजून कामावर आहे.

चांदी सहाव्या दिवशी मेली. भर दुपारी, अंगणात, खुंटाला बांधलेली. आई चुलीपुढं होती, धावत आली, तिच्या अंगावर पडून रडली. मी आईला तसं रडताना आधी बघितलं नव्हतं. तिचा भाऊ गेला तेव्हाही ती उभ्यानं रडली होती. मला वाटलं, आता बोलावं. पण मी चांदीचं दावं सोडत बसले. तात्या म्हणाले, "उशिरा धूप दाखवली." काकू कालवडीच्या डोक्याशी बसली होती, तीही रडत होती, आणि आईनं मान वर करून तिला बघितलं. "तू नगं रडूस," म्हणाली. "तुझ्याच पायानं आलंय हे."

मग भगत. आमच्याकडं डॉक्टर तालुक्याहून महिन्यातून एकदा यायचे, भगत मात्र हाकेला हजर. तो आला, तांदळाचे दाणे सुपात टाकले, मोजले, पुन्हा टाकले, दोन कप चहा प्याला आणि म्हणाला, "घरात नवं माणूस आलंय." काय पण विद्या! काकूचा हिरव्या चुड्याचा हात त्याच्या नाकासमोर कपबशी ठेवत होता. "पायगुण न्हाई. ह्या दावणीचं अजून एक जाईल, मग घर फुटंल." आई हो हो करत होती. तिला कारण पाहिजे होतं, आणि कारण दोन पायांवर अंगणातून येजा करत होतं. रंगाकाका ट्रक घेऊन दीड महिन्यासाठी दूर कुठं गेलेला, त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. तात्यांनी काकूच्या भावाला निरोप धाडला, 'बहिणीला घेऊन जा. पुन्हा पाठवायचं का ते आम्ही बघू.' बघू म्हणजे काय, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. बाई एकदा असा ठपका घेऊन माहेरी बसली की बसलीच. काकू एकोणीस वर्षांची होती. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी.

भाऊ आला, मल्लाप्पा. उंच, काळा, खांद्यावर घोंगडं, पायात करकरणाऱ्या वहाणा. सोप्यात बसला, बशीतून चहा प्याला. काकू आत ट्रंकेत लुगडी भरत होती. आईनं गाऱ्हाणी काढली. ही आली आणि दूध आटलं, ही आली आणि विहीर खाली गेली, ही आली आणि कालवड गेली, ही आली आणि माझा गुडघा धरला. गुडघा आईचा माझ्या लहानपणापासून धरलेला होता, पण तोही काकूच्या नावावर चढला. मल्लाप्पानं सगळं ऐकून घेतलं. बाहेर सरकारी उन्हात उभी होती, सालपटं लोंबत होती, माश्या घोंघावत होत्या. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "जनावर चरत हुतं कुठं?"

"माळाला," आई म्हणाली.

तेवढ्यात काकू ट्रंक सोडून बाहेर आली, एक पोतं पाण्यात बुचकळलं आणि गाईच्या पाठीवर पसरलं. तिला घरातून काढत होते आणि ती गाईला गार करत होती. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते, कारण मग ते भांडण झालं असतं. तिनं बघितलं नाही. मला लाज वाटली. मरणाची लाज वाटली. आणि तोंडातून निघून गेलं, "मी वढ्याला न्हेत हुते. रोज. त्यांनी घाणेरीच खाल्लीया. मी बघितलं हुतं."

 तात्या म्हणाले, "इम्पॉसिबल." आईनं आधी हातातली कपबशी नीट खाली ठेवली, कारण ती नवी होती, आणि मग मला मारलं. मिळेल तिथं मारलं. मी रडले नाही, मला मार हवाच होता. मार खाल्ला की फिटलं, असं मी समजत होते. मारून दमल्यावर आई भिंतीला टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि मल्लाप्पाला म्हणाली, "बघितलंसा? माझी पोरगी जलमात खोटं बोलली न्हवती. ही घरात आल्यापासनं बोलाया लागली."

 घाणेरी ओढ्याला, पोरगी माझी, खोटं माझं, ऊन तात्यांचं, आणि तरी फिरून फिरून गाडी काकूच्याच दाराशी. मल्लाप्पानं उठून वहाणा घातल्या. "चल सिद्दू," म्हणाला. काकू त्याला कानडीत काहीतरी म्हणाली. तो पुन्हा बसला नाही, पण वहाणा काढल्या. मग ती आईला म्हणाली, "आक्का, गाय बरी हुस्तवर मी हितंच हाय. मग जाते."

तिनं कुणाला विचारलं नाही. स्वतःची ट्रंक त्या बिनखिडकीच्या खोलीतून बाहेर ओढली, अंथरूण बाहेर काढलं आणि गाय आत नेली. गाय! माणसांच्या खोलीत! आई ओरडली, तात्या ओरडले. मल्लाप्पा गाईचं शिंग धरून दारात उभा राहिला आणि दोघं गप्प झाले. तो दुसऱ्या दिवशी गेला. पुढं तीन आठवडे सरकारी तिथंच होती. काकू बाभळीचा कोळसा कुटून त्याची पूड ताकातून तिला पाजायची, पोट मोकळं व्हायला एरंडेल द्यायची, सोललेल्या जागेवर खोबरेल आणि हळद, दाराशी कडुलिंबाचा धूर. दिवस बुडाला की बाहेर काढायची, उजाडायच्या आधी आत. म्हशीलाही कोळसा पाजला. मी तिच्या हाताखाली कोळसा कुटायची, हात काळे करून घ्यायची, आणि ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. "बारीक कर. अजून बारीक." गाय आत घेतल्यापासून आठव्या दिवशी तालुक्याचे डॉक्टर उगवले. पापणी बघितली, कातडी बघितली आणि म्हणाले, "घाणेरी. चार दिवस अजून उन्हात राहिली असती तर गेली होती. सावलीत घ्यायचं कुणाला सुचलं?" तात्यांनी मिशीवर हात ठेवला. "आमचा पलटणीतला अनुभव," म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्याशी हात मिळवला. दारात काकू धूर घालत होती, तिला खोकला आला.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, मग राहून जाईल. तात्या ती गोष्ट मरेपर्यंत सांगत राहिले, आणि दर वर्षी त्यातली गाय जास्त आजारी होत गेली. रंगाकाका ट्रकवरून आला, बायको नाही म्हणून जतकडं तिला आणायला गेला, आणि तिथंच राहिला. सासऱ्याची मेंढरं बघितली, मग बोअर मारून डाळिंब लावलं. आमच्या घरी फक्त लग्नाकार्याला यायचा, एकटा. आई गल्लीभर सांगायची, "भगत काय खोटं बोलला न्हाई. म्हणला हुता घर फुटंल, फुटलं." भगताच्या दारात रांग वाढली.

पण काकू गेली तो दिवस मला सांगायचाय. सरकारीच्या सोललेल्या जागेवर गुलाबी कातडीतून बारीक पांढरी लव उगवली होती. त्या सकाळी तिनं वैरण संपवली, हंबरली आणि तांब्याभर दूध दिलं. काकूनं ते दूध चुलीजवळ झाकून ठेवलं, खोली शेणानं सारवली आणि ट्रंक उचलली. आई म्हणाली, "जा म्हणून कुणी म्हणलं न्हाई तुला आता." हे आईच्या परीनं पुष्कळ होतं, हे मला आज कळतं. काकू म्हणाली, "व्हय आक्का," आणि निघाली.

फाट्यापर्यंत ट्रंक मी धरली. एसटीला वेळ होता. मी कितीतरी दिवस तोंडात घोळवत होते ते विचारलं. "काकू, माझ्यामुळं चाललीस व्हय?"

"न्हाई गं," ती म्हणाली. "तू भ्यालीस, खोटं बोललीस. पोरं बोलत्यात. पण तू खरं बोललीस तवा तरी कुणी माझ्याकडं बघितलं काय? उद्या म्हैस मेली, परवा तुझ्या बापाचा पाय मोडला, तर पुन्हा मीच. किती बारी ऱ्हाऊ उभी?"

 लांबून एसटीची धूळ दिसली. तिनं पदर खोचला, ट्रंक माझ्या हातून घेतली आणि म्हणाली, "आक्काला माझ्याकडनं एक सांग. म्हणावं, चांदीला मीबी जीव लावला हुता. ती गेली तवा मी खोटं रडले न्हवते. तेवढं सांग."

"सांगते," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा आई जेवायला वाढत होती.  कित्येक दिवसांनी आईचा आवाज उतरला होता, कपाळावरची आठी गेली होती. तात्या बाहेर कुणाला तरी गाईची गोष्ट सांगत होते. आईनं माझ्यापुढं ताट सरकवलं. भाकरी काकूनं पहाटे करून ठेवलेली, कडक.

"गेली?"

"गेली."

"जाताना काय म्हणाली का?"

सांगितलं असतं तर आई पुन्हा रडली असती, पुन्हा चांदी निघाली असती, पुन्हा ओढा, पुन्हा मी. मला जेवायचं होतं, मला ते संपायला हवं होतं.

"काय न्हाई," मी म्हणाले.

आईनं मान हलवली. "मला ठाव हुतं," म्हणाली. "दोन शबूद बोलायचं वळण कुठलं तिला." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी ती खाल्ली.